कापसाच्या गावातली गोधडी

गोधडी म्हणजे जुन्या सुती कापडाचे थर एकावर एक अंथरून ते हाताने घातलेल्या धावदोऱ्याने पक्के केलेले अंथरूण-पांघरूण. तिच्या आत कापूस भरलेला नसतो, लोकर नसते. असते ते वर्षानुवर्षे अंगावर वापरून मऊ पडलेले कापड. मराठवाड्यात तिला गोधडी, गोदडी किंवा वाकळ म्हणतात. काही घरांत जाडजूड, खाली अंथरायची ती वाकळ आणि त्या मानाने हलकी, अंगावर घ्यायची ती गोधडी असा भेद करतात. काही घरांत दोन्ही नावे एकाच वस्तूची. तान्ह्या बाळासाठी शिवतात ते दुपटे. कानडी मुलखाच्या सीमेकडे गेले की हीच कवदी होते. नावे बदलली तरी घडण तीच राहते: वर एक धड कापड, खाली एक धड कापड, मध्ये मिळेल ते, आणि सगळ्यांतून आरपार जाणारा दोरा.

याच मराठवाड्यातले जालना शहर कुंडलिका नदीच्या दोन काठांवर वसले आहे. एका काठावर जुना जालना, दुसऱ्यावर नवीन जालना. सदर बाजार आणि कादराबाद हे भाग नवीन जालन्यातले, व्यापारी वस्तीचे. ‘जालना, सोने का पालना’ ही म्हण ज्या समृद्धीमुळे पडली, ती याच बाजारपेठेची. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वेमार्ग येथून गेला, सरकी काढणारे जिनिंग आणि गठाणी बांधणारे प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, आणि निजामाच्या राज्यातल्या कापसाच्या मोठ्या बाजारांत जालन्याची गणना होऊ लागली. १ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून जालना जिल्हा वेगळा झाला. आज शहराची ओळख लोखंडी सळया आणि बियाणे यांच्यामुळे अधिक आहे, तरी जिल्ह्याच्या काळ्या रानात कापूस अजूनही मुख्य पिकांपैकी एक आहे.

मग अशा मुलखात पांघरुणात कापूस का नाही? कारण तो विकण्यासाठी असतो. दिवाळीच्या पुढेमागे वेचून आणलेला कापूस घरात फार दिवस ठेवणे कोरडवाहू शेतकऱ्याला कधीच परवडले नाही. दुकानदाराची उधारी आणि सावकाराचे व्याज त्याच पैशातून फिटायचे. त्याला पांढरे सोने म्हणतात ते उगीच नाही, आणि सोने कोणी पांघरत नाही. पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून, तो भरून घेतलेली रजई किंवा गादी ही वाड्यातली, पेढीवाल्याच्या घरातली चीज. कापूस पिकवणाऱ्याच्या घरात तो परत यायचा तो कापड होऊन, लुगडे-धोतराच्या रूपात, आणि तेही अंगावर पुरते झिजल्यावर पांघरुणात जायचे. गोधडीकडे पाहताना हा फेरा लक्षात ठेवला पाहिजे. ती हौसेतून जन्मलेली कला नाही. ती काटकसर आहे. कलेचा शिरकाव तिच्यात नंतर झाला, आणि तोही चोरपावलांनी.

गोधडी शिवायला बसण्याच्या कितीतरी आधी तिची तयारी सुरू झालेली असते. फाटलेले लुगडे, विरलेले धोतर, कोपरात गेलेला सदरा, मुलांचे आखूड झालेले कपडे, चादरी, उपरणी असे सगळे एका गाठोड्यात साठत जाते. या गाठोड्यावर दुसरीही एक व्यक्ती डोळा ठेवून असते, ती म्हणजे बोहारीण. जुन्या कपड्यांवर भांडे देणारी बोहारीण दारात आली की घरातल्या बाईपुढे पेच पडतो: पातेले घ्यावे की गोधडी शिवावी? जुन्या साड्यांची किंमत काय हे दोघींनाही नेमके ठाऊक असते, त्यामुळे ही घासाघीस ऐकण्यासारखी असते. जरीचे, काठापदराचे, अजून चार दिवस नेसता येईल असे लुगडे बोहारणीला हवे असते. गोधडीला तसे नको असते. तिला हवे असते अनेक धुण्यांनी खळ पूर्ण निघून गेलेले, सूत सैल पडलेले, गालाला लावले तर न टोचणारे कापड. म्हणजे बाजारात ज्याला मोल उरलेले नाही, नेमके तेच गोधडीत मोलाचे ठरते.

नऊवारी लुगडे हा गोधडीचा पाया मानावा लागेल. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा दोन मीटरहून थोडा अधिक लांब आणि सव्वा मीटरच्या आतबाहेर रुंद निघतो. एका माणसाच्या पांघरुणाला एवढे बेताचे पुरते. म्हणजे एका लुगड्यातून दोन एकेरी गोधड्यांचे वरचे-खालचे पदर निघतात, किंवा तुकडे कडेला कडा जोडून एका दुहेरी गोधडीच्या दोन्ही बाजू. लुगडे कमरेपाशी, मांडीपाशी आणि टाचेपाशी अधिक झिजते. तो भाग आतल्या थरात जातो आणि धड भाग वर येतो. काठ कापून बाजूला ठेवतात, ते गोधडीच्या चारी बाजूंना किनार म्हणून लागतात. पाचवारी साडीत हा हिशेब बसत नाही. मग दोन साड्या, एक साडी आणि एक चादर, अशी जुळवाजुळव करावी लागते. कागदावर न मांडलेली ही भूमिती शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांना तोंडपाठ असते.

शिवण्याचा हंगाम उन्हाळ्याचा. चैत्र-वैशाखात रान रिकामे, हाताला थोडी उसंत, आणि धुतलेले कापड तासाभरात कडक वाळावे असे ऊन. गाठोडे सोडून कपडे पुन्हा धुतले जातात. गुंड्या, हूक, खिसे, गळपट्ट्यांच्या जाड शिवणी कापून काढतात, कारण सुई नेमकी तिथेच अडते. मग झाडून-पुसून स्वच्छ केलेल्या ओसरीवर किंवा मोठ्या खोलीत खालचे कापड अंथरायचे आणि मधून कडांकडे तळहात फिरवत त्याच्या सुरकुत्या काढायच्या. त्यावर आतले थर लावायचे. येथे शिवणारीचा हात कळतो. आतले तुकडे एकमेकांवर चढवून चालत नाही. चढवले तर तिथे उंचवटा येतो आणि तो रात्रभर पाठीला सांगत राहतो. तुकड्याला तुकडा भिडवून, फटीत चिंधी बसवून, जिथे कापड फार विरलेले असेल तिथे दुहेरी घालून जाडी सगळीकडे सारखी आणायची. पांघरायच्या गोधडीला तीन-चार थर पुरतात, अंथरायच्या वाकळेला सहा-सातही घालतात. त्यापुढे सुई ऐकत नाही.

वरचे कापड टाकून झाले की चार कोपऱ्यांवर वरवंटा, वीट, पितळी डबा असे जे हाताशी असेल ते वजन ठेवतात आणि लांबलांब टाक्यांनी सगळे थर टाचून घेतात. हे टाचण कच्चे. शिवण पूर्ण झाली की उसवून टाकायचे. मग कडा आत दुमडून पक्की शिलाई सुरू होते. शिवणारी गोधडीवरच मांडी ठोकून बसते, तिच्याच वजनाने कापड ताणलेले राहते. मोठी सुई, दुपदरी जाड सुती दोरा, बोटात असलेच तर अंगुस्तान, नाहीतर बोटाला चिंधीची पट्टी. सुईवर चार-पाच टाके भरून घ्यायचे आणि मग दोरा ओढायचा. सुई जड चालायला लागली की ती केसांतून एकदा फिरवून घेतात. डोक्याचे तेल सुईला लागते आणि ती पुन्हा सुळसुळ चालते. दोऱ्याची गाठ वर दिसू द्यायची नाही, ती दोन थरांच्या मध्ये दडवायची.

ओळींची चाल दोन प्रकारची. एक सरळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. दुसरी महाराष्ट्रात जास्त दिसणारी: बाहेरच्या कडेने निघायचे, कोपऱ्यावर वळायचे, चारी बाजूंनी फिरून पुन्हा आतून दुसरा फेरा घ्यायचा आणि असे चौकोनात चौकोन करत मध्यावर पोहोचायचे. या दुसऱ्या चालीत सोय आहे. गोधडीच्या चारी बाजूंना चौघी बसू शकतात आणि काम चौपट वेगाने सरकते. धोकाही आहे: कापडाचा झोल आत आत ढकलला जातो आणि टाचण नीट नसेल तर मधोमध फुगवटा उरतो. तो फुगवटा चिमटीत दाबून चुणी घालून मोडावा लागतो, आणि जाणकार बाईच्या नजरेतून ती चुणी सुटत नाही.

या कामाचा आवाका कल्पनेने कळत नाही, थोडे गणित करावे लागते. दोन मीटर लांब आणि सव्वा मीटर रुंद गोधडीवर दोन ओळींत दीड सेंटीमीटरचे अंतर ठेवले, तर सगळ्या ओळींची लांबी भरते सुमारे १६५ मीटर. सेंटीमीटरला एक टाका धरला तर सोळा हजारांवर टाके. नवीन जालन्यातल्या शिंप्याच्या मशीनला हे अर्ध्या दिवसाचे काम; हाताने, घरचे सगळे आटोपून दुपारच्या दोन-अडीच तासांत बसणाऱ्या बाईला ते कित्येक आठवडे पुरते.

आणि तरीही ते कंटाळवाणे मानले गेले नाही. मराठवाड्यातल्या बाईच्या दिवसात बसून करायची कामे थोडी, आणि बसून, सावलीत, स्वतःच्या गतीने करायची तर फारच थोडी. खुरपणी उन्हात वाकून, दळण-पाणी घाईत, स्वयंपाक धुरात. गोधडी शिवताना मात्र कोणी ‘झाले का’ म्हणून विचारत नाही. टाका सरावाचा असल्याने डोके मोकळे राहते. शेजारीण येते, सुई मागते, एका कोपऱ्यावर बसते आणि बोलणे सुरू होते: कोणाच्या लेकीचे जमले, कोणाची सासू कशी, भाव काय फुटला. दोघींचा टाका सारखा कधीच नसतो. एकीचा बारीक आणि दाट, दुसरीचा लांब आणि सैल. पुढे अनेक वर्षांनीही गोधडीवर हात फिरवून ‘हा कोपरा अमकीचा’ म्हणून सांगणाऱ्या बायका आहेत. एकटीने शिवण्यातही वेगळे सुख आहे. रोज चार ओळी पुढे सरकलेल्या दिसतात. घरातल्या बहुतेक कामांचा मागमूस संध्याकाळपर्यंत पुसला जातो, हे काम तेवढे जागेवर राहते आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होते.

सौंदर्याचा भाग येथूनच शिरतो. वरचे कापड जागोजाग फाटलेले असले तर त्यावर ठिगळ येणारच. मग ते चौकोनी का नको, त्रिकोणी का नको, लाल शेजारी पिवळे का नको? चोळीच्या खणाची उरलेली कात्रणे, शिंप्याकडून मागून आणलेल्या चिंध्या, फेट्याचा रंगीत शेव अशांतून मधला चौक सजतो, कोपऱ्यांवर त्रिकोण बसतात. पदराचा भाग बहुधा मध्यावर येतो. रंगांची निवड मनासारखी होत नाही, जे आहे त्यातूनच करावी लागते, आणि कदाचित त्यामुळेच जुन्या गोधड्यांची रंगसंगती बाजारातल्या ठरवून केलेल्या गोधड्यांपेक्षा सरस दिसते. एकदा धुतली की सुती दोरा आणि कापड कमी-जास्त आटते आणि सगळ्या पृष्ठभागावर बारीक बारीक खळगे उमटतात. हाताला लागणारा तो खडबडीतपणा गोधडीची ओळख आहे.

दुपट्याची तऱ्हा निराळी. त्यात ठिगळांची आरास नाही की जाडी नाही. आजीचे किंवा आईचे सर्वांत मऊ लुगडे, दोन ते चार पदर, अगदी बारीक टाका आणि गाठ एकही वर नाही, इतकाच नियम. नवे कापड तान्ह्या बाळाच्या कातडीला नको ही त्यामागची समजूत, आणि ती चुकीची नाही: नव्या कापडात खळ असते, कडकपणा असतो, शंभर वेळा धुतलेल्या सुतात त्यातले काही उरत नाही. बाळंतविड्यात झबले, टोपडे, कुंची यांच्यासोबत दुपटी असायची ती अर्धा डझनाहून कमी नसायची, कारण ती दिवसातून किती वेळा ओली होतात हे सांगायला नको.

गोधडीच्या उबेबद्दल बोलताना ‘मायेची ऊब’ हे शब्द इतके वापरले गेले आहेत की ते आता गुळगुळीत झाले आहेत. ऊब येते ती अडकलेल्या हवेमुळे. स्थिर हवा उष्णता सहजासहजी बाहेर जाऊ देत नाही, आणि गोधडीतल्या प्रत्येक दोन थरांमध्ये अशी पातळ हवा कोंडलेली असते. म्हणून एकाच जाड कापडापेक्षा तेवढ्याच वजनाचे चार पातळ थर जास्त ऊबदार ठरतात. धावदोरा थरांना सरकू देत नाही, आणि दोन ओळींमधला फुगीर भाग हवा धरून ठेवतो. सूत घाम शोषते, त्यामुळे मार्गशीर्ष-पौषातल्या गार रात्रीही गोधडी घुसमटवत नाही आणि उन्हाळ्यात गच्चीवर पहाटेच्या गारव्यापुरती ती अंगावर चालते. माया आहे ती कापड निवडण्यात आणि सोळा हजार टाक्यांत. उबेचे श्रेय हवेला द्यायला हरकत नाही.

घरातल्या सगळ्या गोधड्या सारख्या मानाच्या नसतात. सर्वांत नवी आणि धड, ती पाहुण्यांची. ती घडी घालून वेगळी ठेवलेली असते आणि घरातल्या मुलांना तिला हात लावायची मुभा नसते. जावई आला की ती निघते. त्याखालोखाल घरातल्या कर्त्या माणसांच्या, मग मुलांच्या, आणि शेवटी राखणीला शेतात न्यायची, गाडीत खाली घालायची, धान्य वाळत टाकायची फाटकी वाकळ. प्रत्येक गोधडी वर्षागणिक या उतरंडीत एकेक पायरी खाली येते. अगदी शेवटी तिचाही निकाल लागत नाही: जिचे वरचे कापड पार गेले आहे अशी जुनी गोधडी नव्या गोधडीच्या पोटात मधला थर म्हणून घातली जाते. त्यामुळे जुन्या घरातली एखादी गोधडी उसवली तर आत आणखी एक गोधडी निघते, आणि तिच्या आत कधीकधी पणजीच्या लुगड्याचा तुकडा.

गोधडीचा सर्वांत कठीण वापर मात्र घराबाहेर होतो. जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, अशी तिथली मोजणी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढणाऱ्या बिऱ्हाडात पीठ, भांडी, कोंबड्या आणि गोधड्यांच्या वळकट्या असतात. उसाच्या फडाजवळ उभारलेल्या कोपीत, काळ्या ओलसर जमिनीवर, ऐन थंडीचे चार-पाच महिने याच गोधड्यांवर निघतात. एक खाली, एक वर, आणि मधल्या पोराला दोन्हीकडून आईबाप. पहाटे फडात जाताना लहान मूल तीच गोधडी गुंडाळून बांधावर झोपवले जाते. परत येईपर्यंत गोधडीचा रंग ओळखू येत नाही. शहरातल्या प्रदर्शनात गोधडीचे कौतुक होते तेव्हा हा वापर सहसा कोणाच्या डोळ्यांसमोर नसतो.

धुण्याचा मोठा दिवस नवरात्राच्या आधीचा. घट बसण्यापूर्वी घरातले यच्चयावत अंथरूण-पांघरूण धुऊन निघाले पाहिजे, असा मराठवाड्यात शिरस्ता आहे. भाद्रपदाच्या उत्तरार्धात ओढ्याकाठी, विहिरीवर, शहरात नळाखाली आणि गच्चीवर गोधड्यांचे ढीग पडतात. रात्रभर सोड्याच्या पाण्यात भिजत घालायची, सकाळी पायांनी तुडवायची, मग धोपाटण्याने बडवायची. भिजलेली गोधडी एकट्याला उचलत नाही. दोघांनी दोन टोके धरून उलट-सुलट पिळायची. खडकावर, कुंपणावर, बाजेवर पसरून तिला दोन दिवसांचे ऊन द्यावे लागते, नाहीतर आतल्या थरात ओल राहते आणि कुबट वास येतो. हा सगळा खटाटोप पाण्यावर अवलंबून आहे, हे जालन्याइतके कोणाला ठाऊक नसेल. १९७२ च्या आणि २०१२-१३ च्या दुष्काळात, टँकरची वाट पाहत बसलेल्या वस्त्यांत, गोधड्या झटकून उन्हात टाकण्यावरच भागवावे लागले.

गोधडीचा खरा शत्रू दुष्काळ नव्हे, ब्लँकेटही नव्हे. तो आहे नायलॉन आणि पॉलिएस्टर. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्यानंतर अनेक गिरण्या पुन्हा धडपणे उभ्याच राहिल्या नाहीत आणि स्वस्त सुती धोतर-लुगड्यांचा मोठा पुरवठा आटला. १९८५ च्या राष्ट्रीय वस्त्रधोरणाने कृत्रिम धाग्यांना मोकळी वाट दिली. न आटणारी, न चुरगळणारी, लवकर वाळणारी साडी बाईच्या सोयीची होती आणि ती तिने आनंदाने घेतली, यात तिला दोष देण्याजोगे काही नाही. पण अशी साडी झिजून मऊ होत नाही. ती घाम शोषत नाही, थर एकमेकांवरून घसरतात, टाका धरत नाहीत. आजच्या गोधड्या झगझगीत दिसतात आणि टिकतातही जास्त, परंतु अंगावर घेतल्यावर त्या सरकतात. सुती कापड आत आणि कृत्रिम साडी वर अशी तडजोड बऱ्याच घरांत दिसते. यापेक्षा उलट केलेले बरे: रंगीत कृत्रिम कापड एका बाजूला आणि अंगाकडच्या बाजूला सुती.

सोलापुरी चादर आणि पानिपतची गुबगुबीत ब्लँकेटे आल्यावर गोधडी अडगळीत जाईल असे वाटत होते. गेल्या काही वर्षांत तिला उलट बाजार मिळाला. गावोगावच्या महिला बचत गटांनी गोधड्या शिवून विकायला सुरुवात केली. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत त्या हमखास दिसतात. शहरांत ‘जुन्या साड्यांची गोधडी शिवून मिळेल’ अशा पाट्या लागल्या आहेत. यांतली बरीच शिलाई मशीनची असते. मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा, घट्ट आणि एकसारखा. त्याने गोधडी मजबूत होते पण ताठर राहते, आणि थरांतली हवा दाबली जाते. दोन्हींची किंमत एकाच तागडीत तोलणे गैर आहे. हातशिलाईच्या गोधडीला ग्राहक मशीनच्या भावात मागतो, तेव्हा तो सोळा हजार टाके फुकट मागत असतो.

गोधडीचे नातेवाईक देशभर आहेत. बंगालची कांथा, बिहारची सुजनी, राजस्थानची गुदडी ही सगळी जुन्या कापडाच्या थरांना धावदोरा घालूनच होतात. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत कामाला आलेल्या बिहारी मजुराच्या पेटीत सुजनी असेल तर तिला शेजारच्या मराठी घरात परकी मानायचे कारण नाही. फरक इतकाच की कांथेत टाकाच चित्र काढतो, त्याने मासे, हत्ती, कमळे उमटतात. गोधडीत चित्र काढते ते ठिगळ, टाका फक्त धरून ठेवतो. उत्तर कर्नाटकातल्या सिद्दी समाजात कवंडी शिवतात. पोर्तुगिजांच्या काळात आफ्रिकेतून गोव्यात आणलेल्या लोकांचे बरेचसे वंशज या समाजात आहेत. त्यांच्या गोधडीच्या चारी कोपऱ्यांवर कापडाच्या घड्यांची फुले बसवल्याशिवाय ती पूर्ण मानत नाहीत.

सातासमुद्रापलीकडचे एक उदाहरण मराठवाड्याला फार जवळचे आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे, तीही कापूस पिकवणारी आणि गरिबीत राहिलेली. तिथल्या बायका शेतात वापरून झिजलेल्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. १९४२ मध्ये मिसूरी पेटवे या बाईने पती वारल्यावर त्याच्या कामाच्या कपड्यांची गोधडी शिवली. अशा गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या कलासंग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या आणि २००६ मध्ये तिथल्या टपाल खात्याने त्यांची तिकिटे काढली. महाराष्ट्रातल्या गोधड्यांची दखल त्या मानाने उशिरा घेतली गेली. गीता खंडेलवाल यांनी गावोगाव हिंडून महाराष्ट्राच्या गोधड्यांवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक २०१३ मध्ये आले, तेही फ्रान्समधल्या प्रकाशकाकडून. एरवी गोधडीला आपल्याकडे मान मिळाला तो साधुसंतांमुळे. अंगावर चिंध्यांचे वस्त्र घालणाऱ्या गाडगे महाराजांना लोक गोधडे महाराज म्हणत.

घरात जुनी गोधडी असेल तर ती सांभाळण्याची रीत अवघड नाही. तिला वर्षातून दोनदा तरी ऊन दाखवावे, पण रंग उडू नये म्हणून उलट बाजूने. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, आत दमटपणा साचतो आणि सुताला बुरशी लागते. सुती कापडात गुंडाळून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवावी. घडी दर वेळी वेगळ्या ठिकाणी मोडावी, नाहीतर घडीच्या रेघेवरच कापड तुटते. फार विरलेली गोधडी वॉशिंग मशीनमध्ये घालू नये. गोधडी आधी जाते ती गळ्याकडच्या आणि पायाकडच्या कडेने, म्हणून किनार विरू लागली की लगेच नवा काठ लावून घ्यावा. एक टाका सुटला की त्याच्या शेजारचे सुटायला वेळ लागत नाही.

आणखी एक काम मात्र बहुतेक घरांत राहून गेले आहे. गोधडीवर शिवणारीचे नाव नसते. कोणाच्या लुगड्याचा तो मधला चौक, कोणत्या वर्षी शिवली, कोणासाठी, हे सांगणारी माणसे एकेक करून जात आहेत, आणि ती गेली की उरते ते फक्त जुने कापड. घरात आजी, मावशी, आत्या अजून सांगू शकत असतील तर त्यांच्यापुढे गोधडी पसरून विचारून घ्यावे आणि उलट बाजूला, एका कोपऱ्यात, रंगीत दोऱ्याने शिवणारीचे नाव आणि साल घालून ठेवावे. त्यासाठी वीसेक टाके पुरतात.